निळा, लाल की काहीच नको? स्कूटरच्या नट-बोल्टांना थ्रेडलॉकर लावताना

वाचकांचे प्रश्न

गिअरलेस स्कूटरचा बेल्ट घरच्या घरी कसा बदलावा, हे मागच्या अंकात सांगितलं होतं. त्यात एक वाक्य होतं: ‘गरज वाटल्यास पुलीच्या नटाला थ्रेडलॉकर लावावा.’ थ्रेडलॉकर म्हणजे नट-बोल्टच्या आट्यांत घट्ट होऊन त्यांना सुटू न देणारा द्रव, ज्याला आपण सरसकट ‘लॉकटाइट’ म्हणतो. ही गरज ओळखायची कशी, कोणता थ्रेडलॉकर, किती, आणि कुठे अजिबात नको, असं विचारणारी बरीच पत्रं आली. वाक्य अपुरंच होतं. म्हणून या वेळचं सदर त्याच विषयाला दिलं आहे.

प्रश्न: माझी ११० सीसी स्कूटर ४१ हजार किलोमीटर चालली आहे. बेल्ट आणि रोलर नवे घालून घेतले. तीनशेएक किलोमीटरनंतर डावीकडून खडखड यायला लागली. कव्हर उघडलं तर पुढच्या पुलीचा नट हाताने फिरत होता आणि पंख्याच्या तबकडीचे आतले दाते झिजून गोल झाले होते. नवी तबकडी घालताना मेकॅनिक म्हणतो, लाल लॉकटाइट लावू, परत सुटणार नाही. लावू द्यावं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: लाल नको. आणि थ्रेडलॉकरच्या आधी एक गोष्ट तपासायची आहे. बेल्ट बदलल्यावर दोन-तीनशे किलोमीटरमध्ये सुटलेला पुलीचा नट बहुतेक वेळा मुळात आवळलेलाच नसतो. पाना अडतो, ‘कट्’ असा आवाजही येतो, पण जोर भलत्याच ठिकाणी गेलेला असतो.

क्रँकच्या टोकावर काय काय बसतं ते डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात आत रोलरना टेकणारा पत्रा, त्याला लागून बॉस म्हणजे गुळगुळीत नळी, त्या नळीवर सरकणारी रोलरची तबकडी, मग बेल्ट, मग पंख्याची बाहेरची तबकडी, वायसर आणि नट. नटाचा दाब पंख्याच्या तबकडीवरून बॉसच्या तोंडावर, तिथून आतल्या पत्र्यावर आणि शेवटी क्रँकच्या खांद्यावर पोचायला हवा. लोखंडाला लोखंड टेकलेलं हवं, मध्ये काहीही नको.

आता नवा बेल्ट आणा. नवा बेल्ट पूर्ण रुंदीचा असतो. मागची पुली न उघडता तो नुसता चढवला, तर पुढे तो ताठ राहतो आणि पंख्याची तबकडी बॉसला टेकण्याआधी बेल्टच्या कडेवर टेकते. नट आवळत जाल तसा बेल्ट दोन तबकड्यांमध्ये चेपला जातो. टॉर्क पाना, म्हणजे ठरावीक पीळ (टॉर्क) आला की कळवणारा पाना, तोही फसतो, कारण त्याला फक्त विरोध कळतो, तो लोखंडाचा की रबराचा हे कळत नाही. इंजिन सुरू झालं की बेल्ट सरकून आपल्या जागी बसतो आणि तबकडी व बॉस यांच्यात फट राहते. त्या क्षणी नटावरचा दाब संपला. मग प्रत्येक वेळी ॲक्सिलरेटर सोडला-पिळला की तबकडी दात्यांवर मागेपुढे आपटते. तुम्ही ऐकलेली खडखड तीच. अशा नटाला लाल थ्रेडलॉकर लावला असता तर नट जागचा हलला नसता, पण फट राहिलीच असती आणि दाते तसेच गेले असते. शिवाय नट घट्ट दिसतोय म्हणून कोणी तिकडे बघितलंही नसतं.

करायचं ते असं. आधी मागच्या पुलीच्या दोन्ही तबकड्या स्प्रिंगच्या विरुद्ध हाताने फाका आणि बेल्ट पुलीच्या पोटात खोल दाबा. तो परत वर येऊ नये म्हणून बेल्टचे वरचे-खालचे दोन्ही पदर मध्यावर प्लॅस्टिकच्या पट्टीने किंवा सुतळीने एकत्र बांधा. पुढे बेल्ट सैल लोंबला पाहिजे, बॉसभोवती सहज हलला पाहिजे. मग पंख्याची तबकडी दात्यांवर बसवून अंगठ्यांनी आत ढकला. ती बॉसला टेकते तेव्हा धातूवर धातू आपटल्याचा स्पष्ट ‘टक्’ येतो. बेल्टवर टेकली असेल तर मऊ लागते. वायसर घाला. शंकूसारखा फुगीर वायसर असेल तर फुगीर बाजू नटाकडे. बऱ्याच वायसरवर बाहेरची बाजू कोरलेली असते, जुना मळ पुसलात की दिसते. नट शेवटपर्यंत हाताने फिरायला हवा. दोन-तीन आटे राहिले असताना पाना लावावा लागला, तर थांबा. बेल्ट अडकला आहे.

यापुढे थ्रेडलॉकर. गाडीच्या मॅन्युअलमध्ये या नटाला कोरडं बसवा किंवा तेलाचा हात द्या असं लिहिलं असेल तर तेच करा. काहीच लिहिलं नसेल आणि नट एकदा सुटून गेलेला असेल, तर मध्यम ताकदीचा निळा थ्रेडलॉकर लावायला हरकत नाही. आधी नटाचे आणि क्रँकचे आटे ब्रेक क्लीनरने दोनदा धुवा, टूथब्रशने घासा, दहा मिनिटं वाळू द्या. पेट्रोलने धुऊ नका, मागे तेलकट थर राहतो. नट जिथे येऊन थांबणार आहे त्या तीन-चार आट्यांवर दोन थेंब टाका. जास्त टाकलात तर जादा माल तबकडीच्या दात्यांतून बॉसकडे उतरतो. सरकणाऱ्या तबकडीच्या आत तो घट्ट झाला तर पिकअप अडखळतो. थेंब टाकल्यावर लगेच, एका दमात पूर्ण टॉर्कपर्यंत आवळा. पंखा धरायला पुली होल्डरच वापरा. पंख्याच्या पात्यात स्क्रू-ड्रायव्हर अडकवला की पातं मोडतं आणि तबकडीचा तोल जातो.

आवळून झाल्यावर पुढच्या पुलीत बेल्ट बोटाने डावी-उजवीकडे हलवून बघा. हलला तर काम बरोबर झालं. मग बांधलेली पट्टी कापा आणि नटावरून क्रँकच्या टोकापर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा. पाचशे किलोमीटरनंतर कव्हर काढून फक्त रेघ बघायची. पाना लावून ‘जरा आणखी’ आवळू नका. घट्ट झालेला थ्रेडलॉकर त्यात तुटतो आणि परत जुळत नाही.

नवी तबकडी घालण्याआधी क्रँकवरचे दातेही नीट बघा. कडा धारदार आणि काटकोनी हव्यात. दात्यांच्या मुळाशी गेरूसारखी लाल पूड असेल तर लोखंडावर लोखंड बराच काळ घासलं आहे. क्रँकचे दातेही गोल झाले असतील तर नवी तबकडी फार टिकणार नाही, आणि हे मेकॅनिकने काम सुरू करण्याआधीच सांगायला हवं. व्हेरिएटरच्या, म्हणजे या पुढच्या पुलीच्या, मागे तेल दिसलं तर आधी क्रँकचं ऑइल सील बदला. तेलात भिजलेल्या आट्यांवर कोणताच थ्रेडलॉकर नीट धरत नाही.

प्रश्न: दुकानात निळा, लाल, हिरवा, जांभळा असे थ्रेडलॉकर मिळाले. १० मिलीची बाटली आणली ती जेमतेम अर्धी-पाऊण भरलेली. दुकानदाराने फसवलं का? आणि या रंगांचा अर्थ काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: दुकानदाराने फसवलेलं नाही. हा द्रव हवेतल्या ऑक्सिजनमुळेच पातळ राहतो. बाटलीत मुद्दाम जागा सोडलेली असते आणि बाटलीचं प्लॅस्टिकही हवा आत जाऊ देणारं निवडतात. नट-बोल्टच्या आट्यांमधल्या बारीक फटीत हवा संपते, वर लोखंड किंवा तांब्यासारख्या धातूचा स्पर्श होतो, आणि द्रवाचं कडक प्लॅस्टिक होतं. अमेरिकेत हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये हा प्रकार विकसित केला, त्यातून लॉकटाइट हा ब्रँड उभा राहिला. आपल्याकडे कुठल्याही कंपनीच्या थ्रेडलॉकरला ‘लॉकटाइट’च म्हणतात.

रंगावर डोळे मिटून विसंबू नका, बाटलीवरचा आकडा वाचा. लॉकटाइटमध्ये २२२ जांभळा, कमी ताकदीचा, बारीक स्क्रूंसाठी. २४२ आणि २४३ निळे, मध्यम, साध्या हत्याराने उघडतात. २६२, २७१ लाल, भारी ताकदीचे, ते उघडायला बहुतेक वेळा उष्णता लागते. हिरव्यात गोंधळ होतो. २९० हिरवा असतो आणि आधीच आवळलेल्या बोल्टच्या फटीत झिरपतो. ६३८ सुद्धा हिरवाच, पण तो बेअरिंग किंवा बुश कायमचे बसवण्यासाठी आहे. तो चुकून नटाला लावला तर नट निघताना नाकी नऊ येतील. दुसऱ्या कंपनीचे रंग याच क्रमाने असतीलच असं नाही.

स्कूटरसाठी घरात एकच बाटली ठेवायची तर २४३ किंवा त्याच्या जोडीचा निळा ठेवा. थोडासा तेलकटपणा तो सहन करतो आणि १८० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो. २४२ ची मर्यादा १५० अंश आहे. लोखंडी बोल्टवर दहा-वीस मिनिटांत पकड येते, पूर्ण ताकद यायला २४ तास लागतात. स्टेनलेस, जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्यावर वेळ जास्त लागतो. रात्री लावून सकाळी लांबच्या प्रवासाला निघायचं असेल तर हे लक्षात ठेवा.

बाटली स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, उन्हात डिकी तापते. टोकाला लागलेला जादा माल बाटलीत परत ओढू नका, त्यातले धातूचे कण आतला माल घट्ट करतात. जुनी बाटली चालते का ते बघायला एक साधा लोखंडी नट-बोल्ट स्वच्छ धुवा, एक थेंब टाकून नट नुसता हाताने फिरवून ठेवा. दुसऱ्या दिवशी तो हाताने फिरला तर बाटली फेकून द्या.

प्रश्न: थ्रेडलॉकर महाग पडतो. फेविक्विक, नेलपॉलिश किंवा एम-सील लावलं तर चालत नाही का? गावात सगळे लावतात.
– एक वाचक, लांजा

उत्तर: फेविक्विक हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, तेही काही सेकंदांत. नट अर्ध्यात असतानाच ते धरायला लागलं तर पाना अडतो आणि तुम्हाला वाटतं टॉर्क आला. शिवाय ते ठिसूळ असतं, हादऱ्याने तडकतं, आणि साधं फेविक्विक ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. बेल्टच्या कव्हरच्या आत क्लच घसरत असताना एवढी उष्णता सहज होते. एम-सील आट्यांमध्ये शिरण्याइतकं पातळ नसतं, ते बाहेरून लिंपलं जातं आणि पुढच्या वेळी छिन्नीने फोडावं लागतं. नेलपॉलिशचा उपयोग आहे, पण खुणेसाठी. वर सांगितलेली रेघ नेलपॉलिशने उत्तम ओढता येते.

खर्चाचं म्हणाल तर १० मिलीच्या बाटलीत कितीतरी बोल्टांचे थेंब निघतात. एका नटाला दोन थेंबच लागतात. दोघा-तिघांत एक बाटली घ्या.

प्रश्न: वडिलांची जुनी बजाज चेतक पुन्हा चालू करतोय. क्लचचा नट आणि मागच्या चाकाचा मोठा नट, दोन्हींना लाल लॉकटाइट लावायचा विचार आहे, कारण दोन्ही एकेकदा सुटले आहेत.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: १९७२ साली आलेल्या चेतकचा सांगाडा जुन्या व्हेस्पाचा आहे आणि त्या काळच्या अभियंत्यांनी या दोन्ही नटांना सुटू न देण्याची सोय लोखंडातच करून ठेवली आहे. ती सोय नीट वापरली तर कुठलाही द्रव लागत नाही.

क्लच क्रँकच्या टोकावर बसतो, तेलात फिरतो. नटाला वरून खाचा असतात आणि तो उघडायला चार दातांचं खास हत्यार लागतं. छिन्नी-हातोडीने आवळलेला नट पुरेसा बसत नाही, आणि खाचांची तोंडं फुटतात ती वेगळीच. नटाखाली कान असलेला वायसर असतो. नट ४० ते ४५ न्यूटन-मीटरला आवळून त्या वायसरचा एक कान नटाच्या खाचेत दुमडायचा. वायसर दर वेळी नवा. एकदा दुमडलेला कान सरळ करून परत दुमडला की तो मुळाशी तुटतो, आणि तुटलेला तुकडा गिअरबॉक्सच्या तेलात फिरत राहतो. तुमचा नट सुटला होता म्हणता, तर क्रँकमधली अर्धचंद्राकृती चावी काढून बघा. तिच्या कडेला पायरी पडली असेल तर ती बदला. क्लच आता जागेवर दिसला तरी अशी चावी घाटात मोडते.

मागच्या चाकाच्या नटाला स्प्लिट पिन आहे. हा नट पूर्ण टॉर्कला आवळायचा, आणि पिनचं भोक जुळलं नाही तर पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळायचं, मागे कधीच सोडायचं नाही. बहुतेक सुटलेले हब इथेच सुटतात: भोक जुळवायला कोणीतरी नट थोडा मागे घेतलेला असतो. तपासायला गाडी स्टँडवर घ्या, गिअर टाका, चाक दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे झटका द्या. ‘टिक-टिक’ ऐकू आलं आणि हबच्या मध्यातून लालसर पूड पडली तर हबचे दाते गेले आहेत. त्यात थ्रेडलॉकर ओतून खेळ बुजवणारे आहेत. काही दिवस आवाज बंद होतो, मग हब आणि शाफ्ट दोन्ही जातात. हब बदला. पिनही नवी घ्या, जुनी सरळ करून वापरू नका.

प्रश्न: आधीच्या गॅरेजमध्ये गिअर केसमधल्या बेअरिंगच्या पट्टीच्या स्क्रूंना लाल थ्रेडलॉकर लावलेला आहे. एक स्क्रू निघाला, दुसऱ्याचं डोकं गोल व्हायला लागलंय. केस ॲल्युमिनियमची आहे, भीती वाटते.
– एक वाचक, ठाणे

उत्तर: जोर लावणं थांबवलंत हे बरं झालं. लाल थ्रेडलॉकर साधारण २५० अंशांना मऊ पडतो आणि गार झाला की पुन्हा धरतो, म्हणून स्क्रू गरम असतानाच फिरवावा लागतो.

केस तापवू नका, स्क्रू तापवा. ॲल्युमिनियम उष्णता भराभर ओढून घेतं, त्यामुळे गॅसची ज्योत बाहेरून फिरवली तर केस तापते, सील जळतं आणि स्क्रू तसाच राहतो. ६० वॉट किंवा त्याहून मोठी सोल्डरिंग आयर्न घ्या, टोक स्क्रूच्या खाचेत टेकवून चार-पाच मिनिटं धरा. खाचेत सोल्डरचा बारीक थेंब वितळवलात तर उष्णता जास्त चांगली उतरते. जवळचं रबरी सील आधी काढून घ्या. पेट्रोल, ब्रेक क्लीनर, तेलाची फडकी खोलीतून बाहेर ठेवा आणि खिडक्या उघडा, तापलेल्या थ्रेडलॉकरचा धूर नाकात जायला नको. मग खाचेत अचूक बसणारा स्क्रू-ड्रायव्हरचा बिट घालून आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग उलटा, असं हलवत काढा. डोकं गोल झालंच असेल तर बिट हातोडीने ठोकून बसवा. ठोकल्याने आट्यांमधला थरही तडकतो.

निघाल्यावर भोकातले कडक तुकडे काढायला टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवायचा मोह होईल. नवा धारदार टॅप ॲल्युमिनियमचे आटेही थोडे खरवडून नेतो. त्यापेक्षा त्याच मापाचा एक लोखंडी बोल्ट घ्या, करवतीने त्याच्या आट्यांवर लांबीच्या दिशेने एक चर पाडा, कड घासून घ्या आणि तोच हाताने आतबाहेर फिरवा. तुकडे चरात गोळा होतात. शेवटी ब्रेक क्लीनर आणि हवा.

बेअरिंगच्या पट्टीचे स्क्रू हे थ्रेडलॉकर लावायच्या मोजक्या जागांपैकी आहेत, बऱ्याच मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलंही असतं. स्टार्टर क्लचचे आणि मॅग्नेटच्या कॉइलचे स्क्रू यांचंही तसंच. आत सुटले तर थेट गिअर किंवा मॅग्नेट फोडतात. निळा लावा, एक थेंब पुरतो. भोक आरपार नसेल तर थेंब भोकाच्या तळाशी टाका. बोल्टवर टाकलात तर आत जाताना कोंडलेली हवा त्याला वर ढकलून बाहेर काढते.

प्रश्न: गिअर ऑइलच्या ड्रेन बोल्टमधून थेंब थेंब तेल गळतं. थ्रेडलॉकर लावला तर गळती थांबेल का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर: काही दिवस थांबेलही, पण लावू नका. तिथे तेल अडवायचं काम वायसरचं आहे. तो ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा असतो, एकदा आवळला की चपटा होतो आणि दर वेळी बदलायचा असतो. नवा वायसर घाला, बोल्टचं आणि केसचं तोंड पुसून घ्या. तरीही गळालं तर बोल्टखालच्या केसच्या पृष्ठभागावर ओरखडा आहे का ते बघा, किंवा आधी कोणीतरी जास्त आवळून आटे ओढले आहेत का. आटे गेले असतील तर स्प्रिंगसारखं तारेचं इन्सर्ट बसवून घ्या. ११० सीसी स्कूटरच्या गिअर केसमध्ये तेल जेमतेम १००-१२० मिली असतं. थेंब थेंब गळूनही ते लवकर धोक्याच्या पातळीखाली जातं, आणि या तेलाला डॅशबोर्डवर दिवा नसतो.

प्लग, बेल्टच्या कव्हरचे बोल्ट, सायलेन्सरचे नट, नायलॉनची कडी असलेले नट, इथेही थ्रेडलॉकर नको. सायलेन्सरजवळ तो जळून जातो, आणि नायलॉनचा नट स्वतःच धरतो. तो ढिला झाला असेल तर नवा आणा.

प्रश्न: टॉर्क पाना परवडत नाही. थ्रेडलॉकर असला की अंदाजाने आवळलं तरी चालतं ना? आणि थ्रेडलॉकर लावल्यावर टॉर्क कमी करायचा असतो म्हणतात, ते खरं का?
– एक वाचक, बारामती

उत्तर: पहिल्याचं उत्तर नाही. बोल्ट धरतो तो ताणामुळे. १२ मिमीचा नट कोरड्या आट्यांवर ५५ न्यूटन-मीटरला आवळला तर तो दोन तुकड्यांना सुमारे सव्वादोन टनांनी दाबतो. तो दाब असेल तर तुकडे एकमेकांवर सरकत नाहीत, आणि सरकले नाहीत तर नट सुटायचं कारणच उरत नाही. १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने प्रयोगाने दाखवलं की नट मुख्यतः आडव्या सरकण्याने सुटतो, नुसत्या ताणातल्या चढउताराने नाही. त्याच पद्धतीच्या चाचण्यांत साधा कापलेला स्प्रिंग वायसर फारसा उपयोगी पडत नाही. थ्रेडलॉकर आट्यांमधली फट भरतो आणि नटाला फिरू देत नाही, हे त्याचं खरं काम. पण तो दाब निर्माण करत नाही.

दुसरा प्रश्न चांगला आहे. ओला थ्रेडलॉकर तेलासारखा निसरडा असतो. घर्षण कमी झालं की तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. वरच्या उदाहरणात सव्वादोन टनांचे तीन टन होऊ शकतात. लोखंडी क्रँकवरच्या १२-१४ मिमीच्या नटाला हे झेपतं. ॲल्युमिनियममध्ये जाणाऱ्या ६ मिमीच्या बोल्टला झेपेलच असं नाही. म्हणून मॅन्युअलने थ्रेडलॉकर लावूनच टॉर्क दिला असेल तर आकडा तसाच ठेवा. मॅन्युअलमध्ये कोरडा आकडा असेल आणि तुम्ही स्वतःहून थ्रेडलॉकर लावत असाल, तर ॲल्युमिनियममधल्या छोट्या बोल्टांना दहा-पंधरा टक्के कमी आवळा.

टॉर्क पाना नसेल तर २५ सेंटिमीटर लांब रिंग पाना आणि मासळी तोलायचा आकड्याचा काटा घ्या. काटा पान्याच्या टोकाला अडकवून काटकोनात ओढा. २२ किलो दिसले की ५४ न्यूटन-मीटर झाले. ११० ते १२५ सीसीच्या बऱ्याच स्कूटरना पुलीचा नट ५० ते ६० च्या दरम्यान असतो, पण तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. हवेच्या गनने नट काढायला हरकत नाही. बसवायला मात्र हाताचाच पाना.

प्रश्न: ब्रेक डिस्कचे बोल्ट लावताना थ्रेडलॉकरचा थेंब मडगार्डवर पडला. दोन दिवसांनी तिथे केसासारख्या चिरा दिसल्या. संबंध असेल का?
– एक वाचक, पनवेल

उत्तर: असू शकतो. द्रव थ्रेडलॉकर एबीएस आणि पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकना तडे पाडतो, विशेषतः जिथे पॅनेल स्क्रूने ताणलेलं असतं तिथे. थेंब पडला की लगेच साबणाच्या पाण्याने धुवा, थिनर लावू नका. काम करताना खाली जुना कपडा अंथरा, आणि इंडिकेटर, मीटरची काच, वायरचे कनेक्टर यांच्या जवळ बाटली उघडूच नका. इलेक्ट्रिक स्कूटरवर काम करणाऱ्यांनी हे जास्त जपावं, तिथे मोटरच्या बोल्टांशेजारीच प्लॅस्टिकचे कनेक्टर असतात.

डिस्कच्या बोल्टांबद्दल: बऱ्याच गाड्यांत ते कारखान्यातूनच आट्यांवर रंगीत कोरडा थर लावून येतात. तो थर एकदाच चालतो. मॅन्युअल नवे बोल्ट घाला म्हणत असेल तर नवेच घाला, आणि त्या थरावर वरून आणखी थ्रेडलॉकर लावू नका. डिस्कवर किंवा पॅडवर थेंब गेला असेल तर डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा. पॅडमध्ये मुरला असेल तर पॅडची जोडी बदला, घासून भागत नाही.